स्प्रिंग बदलली तरी मिसिंग परत आलं: व्हॉल्व्ह स्प्रिंग पुन्हा पुन्हा का तुटते?

गाडी एका सिलिंडरवर मिसिंग मारत होती (तिथे इंधन नीट पेटत नव्हतं), टॅपेट कव्हर उघडल्यावर तुटलेली व्हॉल्व्ह स्प्रिंग (व्हॉल्व्ह परत बंद करणारी) दिसली, नवी बसवली, गाडी छान पळायला लागली. काही महिने गेले आणि पुन्हा तीच टकटक, तोच चेक लाइट. अशा वेळी सगळ्यांचा संशय एकाच गोष्टीवर जातो, तो म्हणजे पार्ट डुप्लिकेट होता. असेलही. पण नवी स्प्रिंग मागवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: दुसऱ्यांदा तुटली ती त्याच व्हॉल्व्हची, की दुसऱ्या सिलिंडरची?

त्याच व्हॉल्व्हची असेल तर दुखणं त्या जागेतच आहे. स्प्रिंगखालची सीट (बैठक), रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी), गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी), बसवलेली उंची किंवा बसवताना हत्याराने पडलेला ओरखडा, यांपैकी काहीतरी. दुसऱ्या सिलिंडरची असेल तर कारण सगळ्या स्प्रिंगांना सारखंच लागू होणारं असतं: वय, तेल, उष्णता, अति रेस किंवा खराब पोलाद. या दोन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत आणि बहुतेक वेळ वाया जातो तो चुकीच्या वाटेवर.

आधी खात्री करा, स्प्रिंगच आहे ना?

स्कॅनरवर पी०३०३ हा कोड आला म्हणजे तिसऱ्या सिलिंडरवर मिसफायर आहे एवढंच कळतं, का ते कळत नाही. प्लग, कॉइल आणि इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून बघा. कोड त्यांच्यासोबत सरकला तर प्रश्न मिटला. सगळं बदलूनही तो तिसऱ्यावरच बसून राहिला तर दोष बहुधा यांत्रिक आहे. हे न करता कॉइलमागून कॉइल बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुढे कॉम्प्रेशन टेस्ट करतात आणि इथेच भलेभले फसतात. तुटलेली स्प्रिंग बऱ्याचदा टोकाजवळच्या वेटोळ्यात तुटते आणि दोन तुकडे एकमेकांत फिरून अडकतात. स्प्रिंग थोडी आखूड होते, जोर कमी होतो, पण शून्य होत नाही. स्टार्टरवर इंजिन अगदी सावकाश फिरतं, तेवढ्या वेगाला ती लंगडी स्प्रिंगसुद्धा व्हॉल्व्ह व्यवस्थित बंद करते. त्यामुळे कॉम्प्रेशन चांगलं येतं आणि स्प्रिंग निर्दोष सुटते. रेस वाढली की मात्र व्हॉल्व्हला कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) मागोमाग यायला जमत नाही, तो तरंगत राहतो. म्हणून आयडलला जवळपास ठीक आणि रेस दिल्यावर मिसिंग, हे लक्षण दिसलं की स्प्रिंगचा विचार आधी करावा.

अशा वेळी व्हॅक्यूम गेज जास्त कामाचं. ते इनटेक मॅनिफोल्डला जोडा. निरोगी पेट्रोल इंजिन आयडलला समुद्रसपाटीच्या आसपास पाऱ्याचे १७ ते २२ इंच दाखवतं आणि काटा स्थिर असतो. स्प्रिंग कमजोर असेल तर रेस वाढवत नेल्यावर काटा जोरजोरात थरथरतो आणि थरथर वेगासोबत वाढते. इनटेकची स्प्रिंग तुटली असेल तर एअर फिल्टरच्या बाजूने फट्‌फट् असा उलटा आवाजही येतो.

हायड्रॉलिक टॅपेटच्या (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरणाऱ्या) इंजिनात आणखी एक गंमत होते. व्हॉल्व्ह तरंगला की मधे मोकळी जागा पडते, टॅपेट ती तेलाने भरून काढतं आणि वेग उतरल्यावरही व्हॉल्व्हला क्षणभर पूर्ण बंद होऊ देत नाही. मग रेस सोडल्यावरही काही सेकंद मिसिंग चालू राहतं. हे पाहून टॅपेटच बदलून टाकतात, आणि दोष जिथल्या तिथे.

एवढी शंका आल्यावर गाडी चालवत राहू नका. एका व्हॉल्व्हला एकच स्प्रिंग असेल आणि ती पूर्ण सुटली तर लॉक (रिटेनरला दांडीवर अडकवणारे दोन छोटे तुकडे) निघून व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. पिस्टन, हेड, सगळंच जातं. काही इंजिनांत आत-बाहेर अशा दोन स्प्रिंगा असतात. त्या उलटसुलट दिशेने वळलेल्या असतात, म्हणजे एक तुटली तरी तिचं वेटोळं दुसरीत घुसत नाही, आणि उरलेली काही काळ व्हॉल्व्ह धरून ठेवते. पण तो घरी पोचण्यापुरता आधार, महिनाभर गाडी हाकण्यासाठी नव्हे.

कव्हर उघडल्यावर तुटलेली स्प्रिंग लगेच दिसेलच असं नाही. तळाचं वेटोळं तुटलं असेल तर वरून सगळं शाबूत वाटतं. टॉर्च तिरपा धरा, छोटा आरसा आत घाला आणि सगळे रिटेनर एका ओळीत बघा. शेजाऱ्यांपेक्षा किंचित खाली बसलेला किंवा एका बाजूला कललेला रिटेनर दिसला तर तिथेच थांबा. रॉकरचं इंजिन (जिथे कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधे झुलती दांडी असते) असेल तर कॅमची टाच, म्हणजे व्हॉल्व्ह न उचलणारी गोल बाजू, खाली असताना हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक रिटेनर दाबून बघा. तुटलेला हाताला लगेच मऊ लागतो.

तुकडा फेकू नका

तुटलेली स्प्रिंग हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे. तुकडे डिझेलने धुवा, भिंग घ्या आणि तुटलेला तोंडवळा उजेडात नीट बघा.

आधी कामाचा अंदाज घ्या. इंजिन ३००० आरपीएमला फिरत असेल तर कॅम १५०० ला फिरतो, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग सेकंदाला २५ वेळा आणि तासाला ९० हजार वेळा दाबली जाते. हजार तासांत नऊ कोटी. एवढ्या फेऱ्यांत तारेच्या पृष्ठभागावरचा डोळ्याला न दिसणारा व्रणसुद्धा पुरेसा होतो. तडा त्या ठिपक्यापासून सुरू होतो, हळूहळू आत सरकतो आणि उरलेली तार पेलेनाशी झाली की एका दमात तुटते. म्हणून तोंडवळ्यावर दोन भाग दिसतात: एका कडेला लहानसा, गुळगुळीत, अर्धचंद्रासारखा आणि बाकीचा खडबडीत. तो अर्धचंद्र ज्या कडेला टेकतो तिथे तडा जन्मला.

त्या जागी तांबूस किंवा काळा खड्डा असेल तर गंज. इंजिन महिनोन्‌महिने उभं राहिलं, किंवा कायम इतक्या छोट्या फेऱ्या झाल्या की तेल कधी पुरतं तापलंच नाही, तर हेडमध्ये दमटपणा साठतो आणि जुन्या तेलातली आम्लं त्यात भर घालतात. तिथे सरळ चकचकीत ओरखडा असेल तर तो हत्याराचा, म्हणजे पक्कड, स्क्रूड्रायव्हर किंवा स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरचा दात. तारेच्या बाहेरच्या कडेला पॉलिश केल्यासारखा पट्टा असेल तर स्प्रिंग कशाला तरी घासत होती. आणि वेटोळ्यांच्या वरच्या-खालच्या बाजूंना, जिथे ती एकमेकांना टेकू शकतात तिथे, चमकदार चपटे डाग असतील तर स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत दाबली जात होती किंवा वेगात तिची वेटोळी एकमेकांवर आपटत होती. काहीच दिसलं नाही आणि तडा तारेच्या आतल्या बाजूने सुरू झालेला असेल तर ते साधं थकणं. वेटोळ्याच्या आतल्या कडेलाच ताण सर्वाधिक असतो.

तुकडे जुळवून स्प्रिंग पूर्ण होते का तेही बघा. एखादा कपचा कमी भरला तर तो तेलाच्या वाटेने खाली गेला आहे, आणि तो शोधल्याशिवाय इंजिनाचं कव्हर परत लावायचं नाही.

त्याच जागी तुटत असेल तर

माझ्या मते इथे सगळ्यात दुर्लक्षित माप म्हणजे बसवलेली उंची. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगच्या सीटपासून रिटेनरच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर. समजा ते ३५ मिमी आहे आणि कॅम व्हॉल्व्हला ९ मिमी उचलतो. म्हणजे पूर्ण उघड्या व्हॉल्व्हला स्प्रिंग २६ मिमीवर येते. तीच स्प्रिंग वेटोळ्याला वेटोळं टेकून २४.५ मिमीची होत असेल तर हातात १.५ मिमी उरतात, आणि साधारण एवढे उरायलाच हवेत. आता कुणी "स्प्रिंगला जरा जोर यावा" म्हणून खाली १ मिमीची शिम (पातळ चकती) सरकवली तर उरतो अर्धा मिमी. वेगात स्प्रिंग ठरलेल्या मापापेक्षा थोडी जास्तच हेलकावते, वेटोळी आपटतात, आणि नवी कोरी स्प्रिंगही टिकत नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या इंजिनाचे मॅन्युअलमध्ये असतात.

उलट बाजूही आहे. हेडचं काम झालेलं असेल आणि व्हॉल्व्ह सीट खोल कापली गेली असेल तर व्हॉल्व्ह वर सरकतो, त्याची दांडी जास्त बाहेर येते आणि बसवलेली उंची वाढते. स्प्रिंगचा दर मिलिमीटरला ३० न्यूटन असेल तर एका मिमीत ३० न्यूटन जोर गेला. तिथे मात्र योग्य जाडीची शिम लागतेच. म्हणून शिम घालायची की काढायची हे व्हर्नियर ठरवतो, अंदाज नाही. मोजताना रिटेनर आणि दोन्ही लॉक जागेवर बसवून, त्याच व्हॉल्व्हवर मोजा. शेजारच्याचं माप चालत नाही.

मग सीट बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर स्प्रिंगखाली पोलादी चकती असते. ती राहून गेली असेल, उलटी बसली असेल किंवा तिच्यात गोल खाच पडली असेल तर स्प्रिंग तिरकी बसते आणि एकाच बाजूला ताण येतो. रिटेनरच्या आतल्या बाजूलाही अशीच पायरी पडते. नखाला लागली तरी तो रिटेनर टाका. गाइड ढिला असेल तर व्हॉल्व्हची दांडी हलते आणि स्प्रिंगलाही कलवते. व्हॉल्व्ह थोडा उघडून बोटांनी आडवा हलवून बघा, शेजारच्याशी तुलना केली की फरक कळतो. मात्र आधार काढून व्हॉल्व्ह खाली ढकलण्याआधी पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आहे याची खात्री हवी.

स्प्रिंग उलटी बसवणं हीसुद्धा नेहमीची चूक. काही स्प्रिंगांची वेटोळी एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतात. दाट बाजू हेडकडे, म्हणजे खाली. उलटी बसली की हलणारं वजन वाढतं आणि वेगात स्प्रिंग बेचैन होते.

नवी स्प्रिंगही डोळे झाकून घेऊ नका. काचेवर उभी करा, बाजूला गुण्या लावा आणि फिरवा. वरचं टोक गुण्यापासून दूर जातं ते अंतर मॅन्युअलच्या मर्यादेत हवं. संचातल्या सगळ्या स्प्रिंगांची मोकळी उंची सारखी आहे का बघा. टेस्टर मिळाला तर बसवलेल्या उंचीवर जोर मोजा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरणारी परत करा.

दर वेळी वेगळा सिलिंडर असेल तर

इथे उत्तर सोपं आहे आणि लोकांना ते आवडत नाही: सगळा संच बदला. एक स्प्रिंग थकून तुटली तेव्हा बाकीच्यांनीही तेवढ्याच फेऱ्या मारलेल्या होत्या. कॅम उतरवायचे कष्ट एकदा घेतलेच आहेत, मग पंधरा जुन्यांमध्ये एक नवी बसवून काय साधलं?

संच बदलूनही तुटत असतील तर तेलाकडे बघा. स्प्रिंगला थंड ठेवतं ते तेलच. पातळी सतत कमी राहिली, हेडकडे जाणारी वाट गाळाने अर्धी बुजली किंवा इंजिन एकदा जबर तापलं, की स्प्रिंगांचा जोर उतरतो. वरच्या गियरऐवजी चुकून खालचा पडला आणि इंजिन लाल रेषेपलीकडे गेलं, तर त्या काही सेकंदांतही नुकसान होऊन जातं. तुटणं नंतर कधीतरी घडतं, म्हणून दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही.

आणि पोलादाचा दोष खरोखरच असू शकतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सुबारूने इम्प्रेझा, बीआरझेड वगैरे मॉडेलांच्या काही वर्षं जुन्या गाड्या केवळ व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी परत बोलावल्या. तारेतला अतिसूक्ष्म परका कण आणि स्प्रिंगवरचा ताण मिळून ती तुटू शकते, असं त्यामागचं कारण होतं. आडव्या बॉक्सर इंजिनात हेड दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे दुरुस्तीसाठी इंजिनच खाली उतरवावं लागत होतं. तेव्हा तुमच्या गाडीच्या मॉडेलवर असं काही जाहीर झालं आहे का, हे आधी तपासा.

हेड न उतरवता बदलायची तर

व्हॉल्व्ह वाकलेला नसेल तर हेड उतरवायची गरज नाही. आधी लीकडाउन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघा. हवा इनटेकमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. गळती मोठी असेल तर हेड उतरवणं आलंच. नवी स्प्रिंग वाकड्या व्हॉल्व्हला सरळ करत नाही.

इंजिन थंड, बॅटरी सुटी, सगळे प्लग बाहेर. ओव्हरहेड कॅम (कॅम हेडमध्येच) असेल तर टायमिंगच्या (क्रँक आणि कॅमचा मेळ दाखवणाऱ्या) खुणा जुळवून फोटो काढा आणि रंगाची खूण करा. कॅम धरून ठेवणाऱ्या कॅप बाहेरून आत, प्रत्येक बोल्ट अर्धा-अर्धा फेरा असे ढिले करा. एका टोकाने घाईत सोडले तर कॅम तिरका होऊन मोडू शकतो. कॅप नंबराप्रमाणे आणि बकेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधली वाटी) ज्या जागेचं त्या जागेच्या खणात ठेवा. चेन असेल तर तारेने वर बांधा. ती आत सुटली तर पुढचं कव्हर उघडण्यापर्यंत मजल जाते.

आता व्हॉल्व्ह खाली पडू न देण्याचा प्रश्न. हवेची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: प्लगच्या भोकात अडॅप्टर लावून ५.५ ते ७ बार हवा. पण तिचा जोर किती हे लक्षात घ्या. ७५ मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) पिस्टनवर ६ बार म्हणजे सुमारे २७० किलो. पिस्टन टीडीसीपासून जरा जरी सरकलेला असेल तर क्रँक झटक्यात फिरतो. पुलीच्या बोल्टवर पाना विसरला असेल तर तो मनगट मोडेल. म्हणून पिस्टन अचूक टीडीसीला, गाडी गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पाना काढलेला. हवा मधेच गेली तरी टीडीसीला असलेला पिस्टन व्हॉल्व्हला खाली झेलतो, ही दुसरी सोय. डिझेल इंजिनात ग्लो प्लग किंवा इंजेक्टरच्या भोकाचा अडॅप्टर लागतो, आणि तिथे टीडीसीला पिस्टन-व्हॉल्व्ह अंतर इतकं कमी असतं की व्हॉल्व्ह फार खाली जाऊच शकत नाही.

मला स्वतःला दोरी जास्त आवडते. पिस्टन थोडा खाली घ्या, प्लगच्या भोकातून मऊ नायलॉनची दोरी आत सोडा, टोक बाहेर ठेवा आणि क्रँक हाताने फिरवून दोरी व्हॉल्व्हखाली घट्ट दाबून घ्या. कॅम काढलेला असेल तर क्रँक फिरवताना चेन ताणून धरायची. हवेचा कॉम्प्रेसर बंद पडायची भीती नाही, आणि लॉक मोकळे करायला वरून ठोकलं तरी व्हॉल्व्ह हलत नाही.

ती ठोक गरजेची आहे. जुनी लॉक रिटेनरमध्ये चिकटून बसतात. रिटेनरवर योग्य मापाचा सॉकेट उभा धरून हातोडीने हलकेच टोला द्या आणि मगच स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर लावा. त्याआधी तेल खाली जाणारं प्रत्येक भोक सुती फडक्याने बंद करा. लॉक नखाएवढं असतं, निसटलं की नेमकं तिथेच जातं. बकेटच्या इंजिनात स्प्रिंग खोल विहिरीत असते, तिथे लांब पायांचं हत्यार हवं आणि विहिरीच्या भिंतीला ओरखडा जाऊ नये म्हणून प्लास्टिकची नळी आत घालावी. नव्या स्प्रिंगला पक्कड लावायची नाही.

व्हॉल्व्ह सील (दांडीवरून तेल खाली जाऊ न देणारं) नवंच. ते बसवताना दांडीवरच्या खाचेवर प्लास्टिकची टोपी चढवा, नाहीतर धारेने सीलचा ओठ कापला जातो. इनटेक आणि एक्झॉस्टची सीलं वेगळी असू शकतात, रंग बघून लावा. लॉकच्या आत ग्रीसचा ठिपका लावला की ती दांडीला चिकटून राहतात. स्प्रिंगचा कॉम्प्रेसर सोडताना सावकाश, दोन्ही लॉक एका पातळीत आहेत का बघत. नंतर प्लास्टिकच्या हातोडीने दांडीच्या टोकावर एक-दोन टोले. लॉक नीट बसलं नसेल तर ते आत्ताच निघेल, रस्त्यावर नाही. डोळ्यांवर चश्मा हवाच.

फडकी मोजून बाहेर काढा. कॅप कसताना टॉर्क पाना आणि मॅन्युअलमधला क्रम. बकेट किंवा रॉकरचा गॅप फीलर गेजने तपासा. कव्हर आणि कॅपला सीलंट लावावं लागत असेल तर अगदी पातळ रेघ पुरे. जादा सीलंट आत पिळून निघतं, सुटतं आणि तेलाच्या जाळीत जाऊन बसतं. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, म्हणजे कॅमचा एक फेरा होतो. कुठे अडलं तर जोर लावू नका, टायमिंग पुन्हा जुळवा.

सुरू केल्यावर हायड्रॉलिक टॅपेट काही मिनिटं टकटकतात, तोवर रेस देऊ नका. गरम झाल्यावरही एकाच जागी आवाज राहिला तर तिथला गॅप किंवा टॅपेट बघा. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला निळा धूर आला तर सील कापलं गेलं. सगळ्याच सिलिंडरवर मिसफायर आला तर टायमिंगचा एखादा दात चुकला आहे. आणि रेस दिल्यावर व्हॅक्यूम गेजचा काटा आधीसारखाच थरथरत असेल तर गाडी बाहेर काढू नका. बसवलेली उंची मोजायची राहिली आहे किंवा चुकली आहे, कव्हर परत उघडा.